समपृष्ठरज्जू आणि पृष्ठवंशीय प्राणी: लक्षण कोणते, आणि ते कोणत्या वयात पाहायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: समपृष्ठरज्जू संघाची (मासे, पक्षी, माणूस ज्यात येतात त्या मोठ्या प्राणिगटाची) लक्षणे म्हणून पृष्ठरज्जू, पोकळ चेतारज्जू, कल्लाविदरे आणि शेपूट अशी यादी शिकवली जाते. पण प्रौढ ॲसिडियनच्या (खडकाला चिकटून राहणाऱ्या पिशवीसारख्या समुद्री प्राण्याच्या) अंगात पृष्ठरज्जू सापडत नाही, माणसाला ना कल्ले ना शेपूट, हॅगफिश या बिनजबड्याच्या लांबट माशाला धड मणके नाहीत. मग हे सगळे एकाच संघात कसे? आणि पक्षी एका पुस्तकात स्वतंत्र वर्ग, तर दुसऱ्यात सरीसृपांच्या पोटात, हे काय प्रकरण आहे?

यादी बरोबर आहे. तिच्यातली एक अट मात्र शिकवताना गळून पडते: ही लक्षणे आयुष्यात कधीतरी, निदान भ्रूणावस्थेत, दिसली पाहिजेत. ती शेवटपर्यंत टिकलीच पाहिजेत असे नाही. म्हणून कोणतेही लक्षण लिहिताना ‘आहे की नाही’ याच्या जोडीला ‘कोणत्या अवस्थेत’ हेही लिहायची सवय लावा. वर विचारलेल्या अडचणींपैकी निम्म्या तिथेच सुटतात.

आधी पृष्ठरज्जू. हा अन्नमार्गाच्या वर आणि चेतारज्जूच्या खाली असणारा, भ्रूणाच्या मध्यस्तरापासून (तीन मूळ थरांपैकी मधल्या थरापासून) बनलेला लवचीक दांडा. सर्वसाधारणपणे आत द्रवाने फुगलेल्या मोठ्या पेशी आणि भोवती घट्ट तंतुमय आवरण अशी त्याची रचना असते. आतून दाब आणि बाहेरून ताण असल्यामुळे तो वाकतो, पण आखूड होत नाही. दोन्ही बाजूंचे स्नायू आळीपाळीने आकुंचन पावले की अंग आकसण्याऐवजी डावीउजवीकडे वळते आणि प्राणी पुढे सरकतो. पृष्ठरज्जूचे मूळ काम हे आहे. ‘शरीराला आधार देतो’ एवढेच लिहिले तर उत्तर अर्धवट राहते. भ्रूणात त्याचे आणखी एक काम असते: त्याच्यापासून निघणारे रासायनिक संदेश वरच्या चेतारज्जूच्या जडणघडणीला दिशा देतात. त्यामुळे प्रौढ वयात ज्यांना त्याची गरज उरत नाही, त्या प्राण्यांच्या भ्रूणातही तो तयार होतोच. माणसात त्याच्यापासून मणक्यांमधल्या चकत्यांचा मऊ, जेलीसारखा गाभा बनतो. मोठेपणी त्या मूळ पेशी फारशा उरत नाहीत. क्वचित मागे राहिलेल्या अवशेषांतून माकडहाडाच्या वर किंवा कवटीच्या तळाशी कॉर्डोमा नावाची गाठ होते.

चेतारज्जू, म्हणजे चेतासंस्थेचा मुख्य दोर, पृष्ठ (पाठीच्या) बाजूला, एकच आणि पोकळ असते. ही पोकळी कुठून येते ते कळले की लक्षण पाठ करावे लागत नाही. भ्रूणाच्या पाठीवरचा बाह्यस्तराचा पट्टा दोन्ही कडांनी उचलला जातो, कडा मध्यभागी मिळतात आणि नळी तयार होते. माणसात ही नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पूर्ण बंद होते. खालचे टोक उघडे राहिले तर पाठीच्या कण्यात दुभंग राहतो. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी नीट बनत नाहीत. फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून द्यायचे कारण हेच: गर्भ राहिल्याचे कळेपर्यंत ही नळी मिटण्याची वेळ बहुतेकदा आलेली किंवा उलटून गेलेली असते. याउलट गांडूळ, झुरळ, खेकडा यांची चेतारज्जू पोटाच्या बाजूला, भरीव आणि मुळात दुहेरी असते, आणि हृदय पाठीकडे. समपृष्ठरज्जूंत हृदय पोटाकडे असते. म्हणजे दोन्ही गोष्टी उलट्या. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एतिएन जॉफ्रवा सँ-तिलेर यांनी १८२२ मध्ये लॉब्स्टर उताणा करून मांडला आणि हा पृष्ठवंशीयांचाच आराखडा उलटा आहे, असे म्हटले. तेव्हा त्यांची चेष्टा झाली. १९९० च्या दशकात पाठ आणि पोट ठरवणारी जनुके दोन्ही गटांत तीच, पण उलट बाजूंना काम करणारी निघाली, तेव्हा त्या कल्पनेकडे पुन्हा गंभीरपणे पाहावे लागले.

कल्लाविदरे म्हणजे ग्रसनीच्या (घशाच्या) भिंतीतल्या फटी. ॲम्फिऑक्सस या माशासारख्या दिसणाऱ्या लहान समुद्री प्राण्यामध्ये त्यांचा मुख्य उपयोग पाणी गाळून अन्न मिळवण्यासाठी होतो, माशांत श्वसनासाठी. माणसाच्या भ्रूणात या फटी आरपार उघडतच नाहीत, नुसते कप्पे तयार होतात. ‘माणसाच्या गर्भाला कल्ले असतात’ हे विधान म्हणून चुकीचे आहे. पहिल्या कप्प्यापासून मध्यकर्णाची पोकळी आणि तिला घशाशी जोडणारी नळी बनते, दुसऱ्यातून टॉन्सिलची जागा, तिसऱ्यातून थायमस आणि परावटू (पॅराथायरॉईड) ग्रंथींची खालची जोडी, चौथ्यातून परावटूंची वरची जोडी. या लक्षणाबाबत एक सावधगिरी हवी: कल्लाविदरे अर्धसमपृष्ठरज्जू प्राण्यांतही असतात. बॅलॅनोग्लॉसस हा कृमीसारखा समुद्री प्राणी हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. त्याच्या सोंडेच्या तळाशी असलेल्या छोट्या उंचवट्याला विल्यम बेटसन यांनी १८८० च्या दशकात पृष्ठरज्जू मानले आणि हा गट समपृष्ठरज्जूंत गेला. तो उंचवटा मुखगुहेचा फुगवटा आहे हे स्पष्ट झाल्यावर गट बाहेर काढून वेगळा संघ केला गेला. तेव्हा नुसत्या कल्लाविदरांवरून निर्णय देऊ नका.

शेपटीच्या व्याख्येत ‘गुदद्वाराच्या मागे’ हे शब्द हवेतच. गांडुळाचे गुदद्वार शरीराच्या अगदी टोकाला असते, म्हणून मागच्या भागाला शेपूट म्हणता येत नाही. विंचवाचे उदाहरण जास्त फसवे आहे. त्याची शेपूट दिसायला झकास, पण गुदद्वार तिच्या शेवटच्या खंडावर, नांगीच्या जरा अलीकडे असते. म्हणजे ती शेपूट पोटाचाच लांबलेला भाग. माणसाच्या भ्रूणात पाचव्या-सहाव्या आठवड्यात खरी शेपूट दिसते आणि आठव्या आठवड्यापर्यंत विरघळून जाते. मागे राहते ते माकडहाड.

पाचवे लक्षण बऱ्याच यादींत नसते, ते मी मुद्दाम घालतो: ग्रसनीच्या तळाशी चिकट स्राव सोडणारी आणि आयोडीन धरून ठेवणारी खाच, म्हणजे एंडोस्टाईल. पृष्ठवंशीयांत तिची जागा थायरॉईड ग्रंथी घेते. हे केवळ अनुमान नाही. लँप्रेच्या (वामासारख्या लांबट, बिनजबड्याच्या माशाच्या) अळीत एंडोस्टाईल असते आणि रूपांतरणाच्या वेळी त्याच अवयवापासून थायरॉईड बनताना प्रत्यक्ष पाहता येते.

कणा नसलेले दोन उपसंघ

पुच्छसमपृष्ठरज्जू उपसंघात सुमारे ३,००० जाती आहेत. सगळ्या समुद्री, आणि अंगावर सेल्युलोजसारख्या पदार्थाचे जाड आवरण. स्वतः सेल्युलोज बनवणारे प्राणी म्हणून यांच्याखेरीज दुसरा गट नाही. प्रौढ ॲसिडियन म्हणजे खडकाला चिकटलेली, पाणी आत घेणारे एक आणि बाहेर सोडणारे एक अशी दोन तोंडे असलेली पिशवी. तिला पाहून मृदुकाय म्हणावेसे वाटते, आणि दीर्घकाळ तसेच म्हटले गेले. १८६६ मध्ये अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी तिच्या अळीचा विकास तपासला, तेव्हा शेपटीत पृष्ठरज्जू आणि वर पोकळ चेतारज्जू सापडली. सिओना या ॲसिडियनच्या अळीत पृष्ठरज्जू मोजून ४० पेशींचा असतो. ही अळी काही खात नाही. काही तास, फार तर काही दिवस पोहते, डोक्याकडच्या चिकट उंचवट्यांनी बसायची जागा पकडते आणि मग शेपूट, पृष्ठरज्जू आणि बहुतेक चेतारज्जू विरघळवून टाकते. यांच्या हृदयाची एक गंमत आहे. काही ठोके एका दिशेला, मग थांबून उलट दिशेला रक्त ढकलले जाते. याच उपसंघातले ऑइकोप्ल्युरासारखे काही प्राणी मात्र शेपूट आयुष्यभर ठेवतात, म्हणून ‘पृष्ठरज्जू फक्त अळीत’ हे विधान संपूर्ण उपसंघाला लावताना ‘बहुतेकांत’ हा शब्द घाला.

शीर्षसमपृष्ठरज्जू उपसंघ लहान आहे, जेमतेम ३० जातींचा, पण शिकण्यासाठी याच्याइतका उपयोगी दुसरा नाही. ॲम्फिऑक्सस पाचेक सेंटिमीटर लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता, अर्धपारदर्शक प्राणी. पीटर सायमन पालास यांनी १७७४ मध्ये त्याचे वर्णन गोगलगायींच्या नात्यातला म्हणून केले होते. याच्यात पाचही लक्षणे प्रौढ वयात एकत्र दिसतात. पृष्ठरज्जू थेट तुंडाच्या टोकापर्यंत, चेतारज्जूच्याही पुढे जातो. कवटी नाही, मणके नाहीत, कप्प्यांचे हृदय नाही, रक्त रंगहीन.

याच्या आडव्या छेदात हमखास होणारी चूक म्हणजे पृष्ठरज्जूला चेतारज्जू म्हणणे. वरून खाली क्रम लावा: पृष्ठपराची पेटी, मग चेतारज्जू, मग पृष्ठरज्जू, मग अन्नमार्ग. चेतारज्जू लहान, मध्ये बारीक पोकळी आणि कडेने काळे रंगबिंदू. पृष्ठरज्जू बराच मोठा, लंबगोल, काळे बिंदू नसलेला, भोवती जाड आवरण. छेद उलटा ठेवला गेला असेल तर स्नायूंपेक्षा या बिंदूंवर विश्वास ठेवा. ग्रसनीतून गेलेल्या छेदात कल्लापट्ट्या अनेक तुकड्यांत कापलेल्या दिसतात. त्या फासळ्या नव्हेत.

दिसण्यावरून ॲम्फिऑक्सस आपला जवळचा नातेवाईक वाटतो. २००६ मध्ये जनुकसंचांच्या तुलनेतून मात्र पृष्ठवंशीयांना अधिक जवळचे ॲसिडियनच ठरले आणि आता बहुतेक तज्ज्ञ तसेच मानतात. ॲसिडियनांनी बरेच काही गमावले आहे आणि ॲम्फिऑक्ससने जुनेच जपले आहे. साम्य आणि नाते यांत गल्लत होते ती अशी.

पृष्ठवंशीयांत नवे काय?

‘पाठीचा कणा’ हे उत्तर अपुरे आहे. कवटी आणि भाग पडलेला मेंदू, कप्प्यांचे हृदय, तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन, जोडीने असणारी वृक्के ही यादी पाठ असतेच. (हिमोग्लोबिनलाही अपवाद आहे: अंटार्क्टिकाजवळच्या हिममत्स्यांचे रक्त पांढुरके असते.) माझ्या मते सगळ्यात मोलाचे लक्षण म्हणजे चेतानळीच्या कडांवरून सुटून शरीरभर स्थलांतर करणाऱ्या पेशी, म्हणजे चेताशिखर. चेहऱ्याची हाडे, दातांतले डेंटिन, त्वचेच्या रंगपेशी, अधिवृक्क ग्रंथीचा गाभा आणि मेंदू-मज्जारज्जूबाहेरच्या अनेक चेतापेशी यांपासून येतात. चावणारे, सक्रियपणे शिकार करणारे डोके यांच्यामुळे शक्य झाले. शरीराच्या लांबीवरचे भाग ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचा ॲम्फिऑक्ससमध्ये एकच समूह आहे, माणसात चार. संपूर्ण जनुकसंच दुणावण्याच्या जुन्या घटनांचा तो पुरावा.

आता हॅगफिश. याला कवटी आहे, जबडा नाही, आणि मणके नाहीत असेच दीर्घकाळ समजले जाई. म्हणून काहींनी त्याला पृष्ठवंशीयांच्या उंबऱ्याबाहेर ठेवले. २०११ मध्ये त्याच्या शेपटीकडच्या भागात मणक्यांसारखे कास्थीचे लहान तुकडे दाखवले गेले. रेणवीय पुरावाही लँप्रे आणि हॅगफिश यांना एकाच शाखेवर ठेवतो. म्हणजे मणके नव्हते असे नाही, ते झिजले. चक्रमुखी (बिनजबड्याचे, गोल तोंडाचे मासे) हा जुना गट त्यामुळे पुन्हा मानाने उभा राहिला. नमुन्यात फरक असा: लँप्रेला कल्ल्यांची सात जोड छिद्रे आणि डोक्यावर मधोमध एक नाकपुडी. हॅगफिशला तोंडाभोवती मिशा आणि कल्ल्यांच्या छिद्रांची संख्या जातीनुसार वेगळी. मिक्झिन या हॅगफिशमध्ये तर बाहेर एकच जोडी दिसते, कारण आतल्या नळ्या एकत्र येतात. लँप्रेची अळी नदीच्या गाळात काही वर्षे राहते आणि १८५६ पर्यंत तिला वेगळा प्राणीच समजत असत.

यांच्यापुढचे सगळे जबडा असलेले. कास्थिमत्स्यांची खूण म्हणून ‘कास्थीचा सांगाडा’ लिहितात, पण स्टर्जन हा अस्थिमत्स्य असून त्याचाही सांगाडा बहुतांश कास्थीचाच आहे. म्हणून खुणा एकत्र पाहा: दातासारख्या घडणीचे बारीक खवले, झाकण नसलेल्या पाच ते सात कल्लाफटी, वाताशयाचा (तरंगायला मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीचा) अभाव, नरात श्रोणिपरांजवळ (पोटाकडच्या मागच्या परांजवळ) आलिंगके, म्हणजे मीलनासाठीचे अवयव. कायमेरा या कास्थिमत्स्यात कल्ल्यांवर त्वचेची घडी असते, तेवढा अपवाद. मुशी आणि पाकट यांत गोंधळ झाला तर कल्लाफटी कुठे आहेत ते पाहा: मुशीत बाजूला, पाकटात पोटाकडे. करवतमासा आणि करवत-शार्क वेगळे करायलाही हीच खूण चालते. करवतमासा पाकटांच्या बाजूचा.

अस्थिमत्स्यांत कल्ल्यांवर हाडाचे झाकण आणि बहुतेकांत वाताशय असते. सुमारे ३५,००० माशांच्या जातींपैकी बहुतेक सगळ्या इथे आणि त्याही किरणपरी गटात. मांसल परांचे मासे मोजके: फुप्फुसमासे सहा जाती, सीलाकँथ दोन. सीलाकँथ नामशेष समजला जात होता. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ तो जाळ्यात आला. हे मोजके मासे महत्त्वाचे, कारण चतुष्पाद (चार पायांचे पृष्ठवंशीय आणि त्यांचे वंशज) याच शाखेतून आले. सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या टिकटालिक या जीवाश्म माशाच्या पराच्या आत मनगटासारखी रचना आहे. म्हणून ‘मत्स्य’ हा गट नात्याच्या दृष्टीने अर्धवट आहे. फुप्फुसमासा बांगड्यापेक्षा बेडकाला जवळचा.

उभयचरांवर फार थांबत नाही. ओलसर, खवलेरहित त्वचा, तीन कप्प्यांचे हृदय, कवटीला मानेशी जोडणारे दोन उंचवटे, कवचहीन अंडी. फुप्फुसे हे लक्षण म्हणून लिहिताना जपून: सॅलॅमँडरचे सर्वांत मोठे कुल फुप्फुसांशिवाय, त्वचा आणि तोंडाच्या अस्तरावर जगते.

मोठी फारकत उल्बयुक्त अंड्यापाशी (उल्ब म्हणजे भ्रूणाभोवतीचे द्रवभरले आवरण) होते. भ्रूणाभोवती द्रवाची पिशवी, सोबत श्वसन आणि उत्सर्जनाची आवरणे. त्यामुळे अंडे पाण्याबाहेर घालता आले. साधारण ३१ कोटी वर्षांपूर्वी इथून दोन वाटा फुटल्या. एक सस्तनांकडे गेली, दुसरी सरीसृप आणि पक्ष्यांकडे. म्हणजे सस्तन आजच्या सरीसृपांपासून आलेले नाहीत, दोघांचे पूर्वज समाईक. मगर मात्र पालीपेक्षा पक्ष्यांना जवळची आहे. चार कप्प्यांचे हृदय दोघांतही आहे. त्यामुळे पाल, साप, कासव, तुआतारा (सरड्यासारखा दिसणारा न्यूझीलंडचा प्राणी) आणि मगर यांना सरीसृप म्हणून पक्ष्यांना बाहेर ठेवले तर एका कुटुंबातली एक भावकी वगळून वंशावळ लिहिल्यासारखे होते. पक्षी वेगळा वर्ग मानणारी पुस्तके आजच्या रूपावर भर देतात, सरीसृपांत घालणारी वंशावर. दोघांची माहिती सारखीच, नियम वेगळा.

पक्ष्यांची ठळक खूण पिसे. बाकीची म्हणजे हवापोकळ्यांची हाडे, फुप्फुसांना जोडलेल्या वायुपिशव्या, उजवी महाधमनी-कमान. सस्तनांत ती कमान डावी असते. सस्तनांसाठी ‘पिल्लांना जन्म देतात’ हे लक्षण लिहू नका. प्लॅटिपस आणि एकिड्नाच्या (काटेरी, मुंग्या खाणाऱ्या प्राण्याच्या) चार जाती अंडी घालतात, आणि कित्येक शार्क आणि साप पिल्ले देतात. केस, दुग्धग्रंथी, मध्यकर्णात तीन हाडे, खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला एकच हाड, श्वासपटल आणि केंद्रक नसलेल्या तांबड्या पेशी हे पक्के. जबड्याची आणि कानाची खूण एकाच घडामोडीच्या दोन बाजू आहेत: पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातली दोन हाडे कानात गेली. जीवाश्मांत केस आणि दूध सापडत नाही, तिथे हाच सांधा उपयोगी पडतो. मानेचे मणके सात, जिराफातही. स्लॉथ आणि मॅनाटी हे अपवाद.

नमुना समोर आला की

नाव आणि रंग यांवर जाऊ नका. तारामासा, जेलीफिश यांच्या नावात मासा असला तरी ते या संघातच नाहीत, देवमासा सस्तन आहे, आणि फॉर्मॅलिनमध्ये रंग टिकत नाही. आधी कवटी आहे का, मग जबडा, मग पर की पाय, शेवटी त्वचेचे आवरण, असा क्रम ठेवा. त्वचेपासून सुरुवात केली की खवले मांजर सरीसृपांत जाते.

सगळ्यात जास्त गोंधळ लांबट, बिनपायांच्या प्राण्यांत होतो, कारण पाय वेगवेगळ्या गटांत वेगवेगळ्या वेळी गेले आहेत. वाम माशाला कल्ल्याचे छिद्र आणि पाठीवरून शेपटीपर्यंत सलग पर दिसतो. देवगांडुळाच्या (बिनपायांच्या उभयचराच्या) ओल्या त्वचेवर वळ्या असतात, डोळा आणि नाकपुडीच्या दरम्यान बारीक स्पर्शिका असते आणि गुदद्वार जवळजवळ टोकाला. तोंड उघडून दात दिसले की ते गांडूळ नाही हे नक्की. कोरडे खवले असतील तर प्रश्न साप की बिनपायांची सरडवर्गीय प्रजाती एवढाच उरतो. पापण्या हलत असतील किंवा कानाचे छिद्र दिसत असेल तर साप नाही. दोन्ही नसतील तर लगेच साप म्हणू नका, कारण काही बिनपायांच्या सरड्यांतही ती नसतात. मग शेपूट मोजा: गुदद्वारामागचा भाग एकूण लांबीच्या निम्म्याहून जास्त भरला तर तो बहुधा सरडा. शेपूट तुटून पुन्हा वाढलेली असेल तर हे माप फसते, म्हणून आधी तिच्यावर खवल्यांची ठेवण बदललेली जागा शोधा.